टोल घेणारे आणि माल पिकवणारे

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की हडपसर, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, लोणी काळभोर, उरुळी कांचन मागे पडतं आणि चाळीसेक किलोमीटरवर कासुर्डी येतं. दौंड तालुक्यातलं हे गाव या रस्त्याच्या प्रवाशांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं ते टोलनाक्यामुळे. कवडीपाट ते कासुर्डी हा सव्वीस किलोमीटरचा पट्टा आयआरबी समूहाने बीओटी तत्त्वावर चौपदरी केला. एक नाका कवडीपाटला आणि दुसरा कासुर्डीला बसला, आणि २०१९ मध्ये मुदत संपेपर्यंत वसुली चालली. केडगावच्या बाजाराचा कांदा असो, साखरेची पोती असोत, सळईचा ट्रेलर असो की डिझेलचा टँकर, प्रत्येक गाडी पावती फाडूनच पुढे जायची. कांदा पाच रुपयांनी विकला काय आणि पन्नास रुपयांनी विकला काय, नाक्यावरची पावती तेवढीच राहायची.

शेअर बाजारातल्या दोन मोठ्या गटांचा स्वभाव या एका रस्त्यावर दिसतो. कार्ड कंपन्या नाक्यावर बसतात. पैसा कुणाचाही असो, येता-जाता त्यांचं शुल्क सुटत नाही. साखर, पोलाद, ॲल्युमिनियम, कोळसा, कच्चं तेल काढणाऱ्या कंपन्या म्हणजे ट्रकमधला माल. भाव चढला तर त्यांच्यासारखी कमाई नाही, आणि पडला तर भाडंही अंगावर येतं. देशातली डीमॅट खाती ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींवर गेली आणि मार्च २०२४ पर्यंत पंधरा कोटींवर. त्या वाढीत गावाकडची तरुण मंडळी मोठ्या संख्येने आहेत. उसाचं बिल जमा झालं की त्यातले चार पैसे आता मोबाइलवरून बाजारात जातात. ते कुठे जावेत, हा या आढाव्याचा विषय आहे. माझं मत आधीच सांगतो: आपल्याकडे या दोन्ही धंद्यांचा भाव बाजारापेक्षा दिल्लीत जास्त ठरतो, आणि कासुर्डीसारख्या गावातला शेतकरी एकही शेअर न घेता मालाच्या बाजूला आधीच पुरता गुंतलेला असतो.

आधी नाक्याचा धंदा पाहू. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार रहिवाशांना टपालाने कार्डं पाठवली. पुढे याच बँकअमेरिकार्डाचं व्हिसा झालं. पहिल्या काही वर्षांत बँकेला मोठा तोटा झाला, कारण थकबाकी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. पुढे या धंद्याचे दोन भाग झाले. कर्ज द्यायचं, वसूल करायचं आणि बुडीत सोसायचं हे बँकांकडे राहिलं. दुकान, बँक आणि ग्राहक यांना जोडणारी वाट तेवढी व्हिसा आणि मास्टरकार्डकडे गेली. या कंपन्या ग्राहकाला एक रुपयाही उधार देत नाहीत, म्हणून त्यांचा एक रुपयाही बुडत नाही.

यवतजवळच्या एखाद्या ढाब्यावर हजार रुपयांचं बिल क्रेडिट कार्डाने दिलं, असं समजा. दोन टक्के शुल्क धरलं तर ढाबेवाल्याच्या खात्यात ९८० रुपये जमा होतात. कापलेल्या वीस रुपयांतला मोठा वाटा, ढोबळमानाने पंधरा रुपये, कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. काही रुपये ढाब्यावर मशीन बसवणाऱ्या बँकेला मिळतात आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या वाट्याला एखाद-दोन रुपये येतात. जगभरातून असे एक-दोन रुपये दिवसरात्र जमत राहिले की काय होतं, ते व्हिसाच्या ताळेबंदात दिसतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीचं उत्पन्न सुमारे ३,५९० कोटी डॉलर होतं आणि निव्वळ नफा सुमारे १,९७० कोटी डॉलर. शंभर रुपयांच्या उत्पन्नात पन्नासहून जास्त नफा! साखर कारखान्याच्या संचालकाला हे प्रमाण सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही. शिवाय शुल्क बिलाच्या टक्क्यात असल्याने महागाई वाढली की ते आपसूक वाढतं.

मास्टरकार्डचा शेअर मे २००६ मध्ये ३९ डॉलरला बाजारात आला, व्हिसाचा मार्च २००८ मध्ये ४४ डॉलरला. नंतरची विभागणी लक्षात घेतली तर हे भाव आजच्या हिशेबात अनुक्रमे ३.९० आणि ११ डॉलर पडतात. २०२४ च्या अखेरीस पहिला पाचशेच्या वर होता आणि दुसरा तीनशेच्या. मास्टरकार्डची ही घोडदौड बहुतांशी ज्यांच्या कारकिर्दीत झाली, ते अजय बंगा पुण्याच्या खडकी छावणीत जन्मले. २०१० ते २०२० ते कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते आणि आज जागतिक बँकेचे अध्यक्ष आहेत. मास्टरकार्डचं मोठं तंत्रज्ञान केंद्रही पुण्यात आहे. म्हणजे धंदा चालवणारी माणसं आणि त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं आपल्या जिल्ह्याशी जोडलेली, पण शेअर मात्र न्यूयॉर्कच्या बाजारात.

भारतात नाक्याचा शेअर जवळपास मिळतच नाही, आणि आपल्या गुंतवणूकदारांची मोठी चूक इथेच होते. रुपे आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय ही संस्था रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेने २००८ मध्ये उभी केली. ती नफ्यासाठी नाही आणि तिचा शेअर बाजारात नाही. रुपे कार्ड २०१२ मध्ये आलं, यूपीआय २०१६ मध्ये. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरचं दुकानदाराचं शुल्क सरकारने शून्य केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात हजार कोटींच्या वर गेले. इतकी वर्दळ असूनही नाक्यावर टोल नाही. ग्राहकाच्या आणि दुकानदाराच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. भाजीच्या गाड्यावर दहा रुपयांसाठी क्यूआर कोड चालतो तो यामुळेच. पण ‘डिजिटल पेमेंट वाढतंय, मग पेमेंटचा शेअर घ्या’ हे गणित त्यामुळे आपल्याकडे जुळत नाही.

मग आपल्याकडे कार्डाचा शेअर म्हणून लोक काय घेतात? सगळ्यात आधी एसबीआय कार्डचं नाव येतं. १९९८ मध्ये स्टेट बँकेने जीई कॅपिटलला सोबत घेऊन ही कंपनी काढली. मार्च २०२० मध्ये ७५५ रुपयांना शेअर विक्रीला आला आणि मागणी पंचवीस पटींच्या वर गेली. १६ मार्चला, म्हणजे करोनाच्या धास्तीने बाजार कोसळत असताना, त्याची नोंदणी झाली ती ६५८ रुपयांना. पाच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, भाव साडेआठशेच्या आसपास होता. तेच पैसे साध्या मुदत ठेवीत ठेवले असते तरी ७५५ चे हजाराच्या जवळ झाले असते. या काळात देशातली क्रेडिट कार्डं दहा कोटींच्या पुढे गेली आणि एसबीआय कार्डाचे ग्राहकही भरपूर वाढले. तरी शेअर का नाही चालला?

कारण ही नाक्यावरची कंपनी नाही, ही कर्ज देणारी कंपनी आहे. तिच्या कार्डावर व्हिसाचं, मास्टरकार्डचं किंवा रुपेचं चिन्ह असतं, पण उधारी तिची स्वतःची असते. कार्डाची थकबाकी पुढे ढकलणाऱ्या ग्राहकाला महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर व्याज लागतं. कमाई मोठी आणि बुडण्याचा धोकाही तितकाच मोठा, कारण या कर्जाला तारण काहीच नसतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा विनातारण कर्जांसाठी बँकांना आणि वित्त कंपन्यांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. त्याच सुमारास थकबाकी वाढत होती. २०२३-२४ मध्ये एसबीआय कार्डचा नफा २,४०८ कोटी होता, तो पुढच्या वर्षी १,९१६ कोटींवर आला. पुण्याच्याच बजाज फायनान्सचं ईएमआय कार्ड घराघरांत आहे, तेही कर्जच. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीच्या दोन डिजिटल कर्जयोजना थांबवल्या आणि मे २०२४ मध्ये पुन्हा सुरू करू दिल्या. हे शेअर वाईट आहेत, असं मला म्हणायचं नाही. बजाज फायनान्सने जुन्या भागधारकांना भरभरून दिलं आहे. पण घेताना आपण सावकारी धंद्याचा भागीदार होतोय हे कळलं पाहिजे, आणि मग बघायचं ते थकबाकीचं प्रमाण, पैसा उभा करण्याचा खर्च आणि रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं. किती कार्डं वाटली, हा आकडा त्यात सगळ्यात कमी कामाचा.

आता मालाकडे वळू. दौंड-शिरूरच्या माणसाला कमॉडिटीचा शेअर ही काही नवी चीज नाही. या भागातल्या हजारो घरांतला पहिला शेअर सहकारी साखर कारखान्याचा. पाटसचा भीमा कारखाना, न्हावऱ्याचा घोडगंगा, यांचे सभासद होणं ही एका पिढीची मोठी गोष्ट होती. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिलेल्या त्या पद्धतीत शेअर दहा असोत की एक, मत एकच. सभासदाला सवलतीची साखर मिळते, ऊस नेण्याची हमी मिळते. पण कारखान्याची जमीन कोट्यवधींची झाली तरी त्या शेअरची किंमत दर्शनी किमतीवरच राहते, आणि कारखाना अडचणीत आला तर सभासदाच्या हातात काही उरत नाही. भीमा-पाटस काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ मध्ये भाडेतत्त्वावर कर्नाटकातल्या निराणी समूहाकडे गेला. राज्यातल्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी आज जवळपास निम्मे खासगी आहेत, आणि शेअर बाजारात नोंद झालेले त्यातले मोजकेच.

बाजारातल्या साखर कंपनीचा हिशेब समजून घ्यायला एक टन ऊस पुरे. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारी किमान दर, क्विंटलला ३४० रुपये होती, १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे टनाला ३,४०० रुपये, त्यात तोडणी-वाहतूक आली. १०.२५ टक्के उताऱ्याने एका टनातून १०२.५ किलो साखर निघते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला आणि पुढे कित्येक हंगाम तिथेच ठेवला. त्या दराने साखरेचे होतात ३,१७७ रुपये. नुसत्या उसाची किंमतही निघत नाही. मजुरी, दुरुस्ती, व्याज हे सगळं बाकीच. प्रत्यक्ष बाजारात साखर ३८ रुपयांनी गेली तर ३,८९५ रुपये मिळतात आणि पाचशेच्या आत सगळा प्रक्रिया खर्च बसवावा लागतो. उरलंसुरलं मळी, बगॅसची वीज आणि इथेनॉल यांतून. कच्च्या मालाचा दर सरकार ठरवतं, दर महिन्याला किती साखर विकायची तो कोटा सरकार देतं, निर्यात करू द्यायची की नाही हेही सरकारच ठरवतं. २०२१-२२ मध्ये देशातून शंभर लाख टनांहून जास्त साखर बाहेर गेली, पुढच्या हंगामात साठ लाख टनांची मर्यादा आली आणि २०२३-२४ मध्ये निर्यात बंदच राहिली.

इथेनॉल आलं तेव्हा अनेकांना वाटलं की साखर शेअरचं जुनं दुखणं संपलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट, तेल कंपन्यांची हमीची खरेदी, दर आधी जाहीर. गुंतवणूकदाराला हवं ते सगळं त्यात होतं. बलरामपूर चिनीसारख्या कंपन्यांचे शेअर २०२२ पर्यंत अनेक पटींनी वाढले. मग पाऊस कमी झाला आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने त्या हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. साखरेचे शेअर त्याच दिवशी आपटले. आठवडाभरात मनाई थोडी सैल झाली, पण धडा मिळायचा तो मिळाला. त्याच सुमारास कांद्याची निर्यातबंदीही आली. केडगावच्या बाजारात तिचा परिणाम ज्यांनी पाहिला, त्यांना साखर शेअरचा आलेख वेगळा समजावून सांगायला नको.

पोलाद आणि तेलाचंही हेच आहे. मे २०२२ मध्ये पोलादावर पंधरा टक्के निर्यात शुल्क लागलं आणि टाटा स्टीलचा शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडला. नोव्हेंबरमध्ये शुल्क गेलं. जुलै २०२२ मध्ये कच्च्या तेलावर जादा नफ्याचा कर आला, तो डिसेंबर २०२४ मध्ये हटला. भाव चढला की ग्राहकाच्या बाजूने सरकार मध्ये पडतं, आणि भाव पडला की कंपनी एकटी असते.

जगाच्या बाजाराने कसं धुऊन नेलं, त्याचं आपल्या मराठी मुलखाच्या सीमेवरचं उदाहरण रेणुका शुगर्स. बेळगावच्या विद्या मुरकुंबी आणि त्यांचे पुत्र नरेंद्र यांनी १९९८ मध्ये आंध्रातला एक सरकारी कारखाना घेऊन तो सौंदत्ती तालुक्यातल्या मुनोळीला हलवला. भागातल्या हजारो शेतकऱ्यांना भागधारक करून घेतलं. ही खासगी कंपनी सहकारातली एक चांगली गोष्ट घेऊन निघाली होती आणि मला ती आजही महत्त्वाची वाटते. २००५ मध्ये शेअर बाजारात आला. इचलकरंजीजवळचा पंचगंगा कारखाना त्यांनी चालवायला घेतला. मग २००९-१० मध्ये ब्राझीलमधल्या दोन साखर कंपन्या विकत घेतल्या. भारतात पाऊस दगा देतो तेव्हा ब्राझील सावरेल, हा विचार कागदावर बिनतोड होता. २०११ च्या सुरुवातीला जागतिक साखर पौंडाला पस्तीस सेंटच्या वर, तीस वर्षांतल्या उच्चांकावर होती. तिथून भाव घसरत गेला, ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, डॉलरमधलं कर्ज मानेवर बसलं. २०१५ मध्ये ब्राझीलच्या उपकंपनीने न्यायालयाकडे संरक्षण मागितलं आणि २०१८ मध्ये कंपनीची सूत्रं सिंगापूरच्या विल्मारकडे गेली. एकेकाळी शंभरावर गेलेला शेअर दहा रुपयांच्या खाली आला. संस्थापकांची धडपड खरी होती, माणसं हुशार होती. पण चढत्या भावात काढलेलं कर्ज उतरत्या भावात फेडता येत नाही, आणि मालाच्या धंद्यात उतरता भाव येतोच.

म्हणूनच या शेअरांना नेहमीचं पी-ई गुणोत्तर, म्हणजे भावाला शेअरमागच्या नफ्याने भागून येणारा आकडा, लावलं की फसगत होते. समजा एका साखर कंपनीला वाईट वर्षात शेअरमागे दोन रुपये नफा झाला आणि भाव आहे साठ. गुणोत्तर तीस, महाग म्हणून कुणी हात लावत नाही. दोन वर्षांनी नफा वीस रुपयांवर जातो, भाव एकशे साठ, गुणोत्तर आठ. स्वस्त म्हणून टिप फिरते, आणि नवखे नेमके तेव्हा शिरतात. पुढच्या वर्षी नफा पुन्हा चार रुपये. माल काढणाऱ्या कंपनीत शिरायची वेळ ती महाग आणि नकोशी दिसत असतानाची. त्यातही आधी कर्ज किती ते पाहावं, कारण वाईट वर्षं तरून जाणारीच कंपनी चांगल्या वर्षाचा लाभ देते.

या दोन्ही गटांच्या मधोमध बसणारा एक शेअर आहे, एमसीएक्सचा. मुंबईतला हा वायदे बाजार सोनं, चांदी, तांबं, कच्चं तेल यांचे सौदे चालवतो आणि प्रत्येक सौद्यावर शुल्क घेतो. म्हणजे मालाच्या रस्त्यावरचा नाका. फेब्रुवारी २०१२ मध्ये १,०३२ रुपयांना शेअर विक्रीला आला. २०१३ च्या उन्हाळ्यानंतर एमसीएक्सच्याच प्रवर्तकांच्या एनएसईएल या दुसऱ्या बाजारात सुमारे ५,६०० कोटींची रक्कम अडकली. तेरा हजारांच्या आसपास गुंतवणूकदार त्यात पोळले, एमसीएक्सचा भाव तीनशेच्या खाली गेला आणि प्रवर्तकांना बाहेर पडावं लागलं. पण नाका खरा होता. २०२४ च्या अखेरीस तोच शेअर सहा हजारांच्या वर होता. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकन कच्चं तेल शून्याच्या खाली गेलं आणि एमसीएक्सवर त्या महिन्याचा सौदा पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी मिटवला गेला. तेल घेऊन बसलेल्यांना भुर्दंड पडला. सौद्यावरचं शुल्क बाजाराला मिळायचं ते मिळालं. अर्थात हा नाकाही बाजार नियामक सेबीच्या परवानगीवर उभा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू यांसह सात शेतमालांचे वायदे एका आदेशात थांबवले.

कासुर्डीच्या बागायतदाराने मग काय करावं? नवा मुठा कालव्याच्या पाण्यावर ज्याचा चार एकर ऊस उभा आहे, त्याने साखर कंपनीचा शेअर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या हंगामात त्याचं बिल रखडतं, त्याच हंगामात तो शेअरही पडलेला असतो. शेताची जोखीम कमी करायला पैसा बाजारात न्यायचा, तर तो शेताबरोबर न बुडणाऱ्या ठिकाणी हवा. पुण्यातल्या पगारदाराची गोष्ट वेगळी. त्याने धीर धरून, मंदीत, कर्ज कमी असलेली पोलाद किंवा साखर कंपनी थोड्या प्रमाणात घेतली तर ते समजण्यासारखं आहे.

परदेशी कार्ड कंपन्यांचा शेअर घरबसल्या घेता येतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के कर आगाऊ कापला जातो, तो विवरणपत्र भरल्यावर जमा धरला जातो. चोवीस महिन्यांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता मात्र चुकता कामा नये. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र न भरणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. शेअरचा नफा शेतीच्या उत्पन्नात मोडत नाही. धोकेही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने डेबिट कार्डांतल्या मक्तेदारीबद्दल व्हिसावर खटला भरला. यूपीआयसारखी व्यवस्था आणखी देशांनी उभी केली तर टोल घटत जाईल. रिझर्व्ह बँकेने भारतातला डेटा भारतात न ठेवल्याबद्दल जुलै २०२१ ते जून २०२२ मास्टरकार्डला नवे ग्राहक घेऊ दिले नव्हते, हेही विसरू नये.

आणि यातलं काहीही घेण्याआधी सोसायटीचं खातं बघावं. विकास सोसायटीकडून मिळणारं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलती मिळून शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की सवलत जाते आणि पूर्ण व्याज लागतं. शेअर विकल्यावर पैसे बँकेत यायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्या आठवड्यात बाजार पडलेला असला तर विकायचं धाडस होत नाही. त्यामुळे पीककर्ज फेडायची रक्कम बचत खात्यात वेगळी काढावी आणि उरेल त्याचाच शेअरसाठी विचार करावा.